कुंभकर्णाचं बटण

मी पलंगाखाली पाठीवर पडलो होतो, हातात पाना, कपाळावर ग्रीस, आणि वरून कुंभकर्ण मला विचारत होता, "साहेब, हे बटण खरं आहे ना?"

"खरं म्हणजे?" मी खालून.

"म्हणजे मी दाबलं की मी उठणार ना?"

"अगं मग काय! दाब की."

तिनं दाबलं. पलंगाची डोक्याकडची बाजू घरघरत वर आली आणि कुंभकर्ण हळूहळू उठून बसला. खाली मी माझ्या पॅनेलवरचं बटण दाबून धरलं होतं. तिच्या हातातल्या डबीची वायर गादीखाली जात होती आणि गादीखालीच संपत होती.

"बघ, झालं ना?" मी म्हणालो.

"झालं," कुंभकर्ण म्हणाला. आवाजात संशय होता.

इंदूरबाहेरच्या वाचकांना हे जरा विस्तारानं सांगायला हवं. अनंत चतुर्दशीला आमच्या शहरात कापड मिलच्या झांक्या निघतात. झांकी म्हणजे ट्रॉलीवर उभारलेला, दिव्यांनी मढवलेला, हलता देखावा. देव हात उचलतो, हत्ती सोंड डोलावतो, समुद्रातून नाग वर येतो. पुढे ट्रॅक्टर, मागे जनरेटर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं शहर. कोणाची झांकी पहिली, हे ठरवायला परीक्षकांचा मंच असतो. आमची मिल तेव्हा बंद पडली होती. गेटला कुलूप लागल्यानंतरचा तो दुसरा गणपती. पगार थांबला होता, झांकी थांबली नव्हती. यामागचं तर्कशास्त्र मला विचारू नका. पेपरात रोज लिहून यायचं की देश आता उघडतोय, आणि आम्ही बंद गेटच्या दिंडीदरवाजातून वाकून आत जाऊन हत्तीला सोंड बसवत होतो.

मी मिलमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर. झांकीत माझ्याकडे 'मोशन' असायचं. जे हलतं ते माझं, आणि जे हलायला हवं असून हलत नाही तेही माझंच.

झांकी मागांच्या शेडमध्ये बनायची. माग तिथंच उभे होते, ताडपत्र्या पांघरून. त्या शेडचं छत करवतीच्या दात्यांसारखं, आणि प्रत्येक दात्याची उत्तरेकडची बाजू काचेची. त्यामुळे आत सावलीच पडत नसे. सकाळ आणि दुपार एकसारखी, दुधात पाणी घातल्यासारखी. वर लोखंडी कैच्यांवर वर्षानुवर्षांचा कापूस बसलेला. कोणी शिडी सरकवली की त्यातला थोडा सुटायचा आणि खाली यायची घाई न करता तरंगत राहायचा. पूर्वी इथं इतका गदारोळ असे की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागे. आता कबुतरांचं घुमणं ऐकू यायचं. आणि आम्ही सगळे उगीचच हळू आवाजात बोलायचो, जणू कोणीतरी शेजारच्या खोलीत झोपलंय. कमिटीला कुंभकर्ण सुचला तो बहुधा त्यामुळेच.

देखावा असा: मधोमध पलंगावर झोपलेला कुंभकर्ण, रस्त्यावरून तोंड दिसावं म्हणून डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवलेली. भोवती ढोल बडवणारे, शंख फुंकणारे, कानात ओरडणारे पुतळे. सगळे मोटरवर. शेवटी कुंभकर्ण उठतो. तो मात्र खरा माणूस हवा, कारण कागदाच्या लगद्याच्या पुतळ्याला जांभई देता येत नाही. मी तसा प्रयत्न करून पाहिला होता. पुतळ्याचा जबडा उघडला आणि परत मिटलाच नाही.

कुंदा ही आमच्या जाधव जॉबरची मुलगी. जॉबर म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम. तिला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना. घरात कुबड्या, बाहेर हातानं फिरवायची तीनचाकी सायकल. परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या कॉलनीत गणपतीत नाटुकली व्हायची, त्यांतल्या राक्षसांचे आवाज पडद्यामागून तीच द्यायची. असा गडगडाटी आवाज की पुढे बसलेली पोरं आईच्या मांडीत शिरत. स्टेजवर मात्र तिला कोणी कधी नेलं नव्हतं. स्टेजला पायऱ्या होत्या.

तिला शेडमध्ये बोलावलं शुक्लाजींनी. शुक्लाजी म्हणजे झांकी कमिटीचे अध्यक्ष, जुने युनियनवाले. त्यांच्या मनात झांकीच्या मागच्या टोकाला एक छोटा देखावा होता. "विकलांग सेवा, मुळेजी! सामाजिक संदेश! बिटिया हाथ जोड के बैठेगी, और नेताजी का पुतला उसको साइकल देगा. जजेस को एकदम टच होगा."

कुंदानं शांतपणे ऐकून घेतलं. "सायकल माझ्याकडे आहे. परत कशाला घेऊ?"

"तो फिर क्या बनोगी?"

"कुंभकर्ण."

शेडमध्ये वरून थोडा कापूस सुटला.

"कुंभकर्ण आदमी था, बिटिया."

"मिशा लावीन."

"पर उसको तो..." शुक्लाजींनी तिच्या पायांकडे बघितलं आणि लगेच हत्तीकडे बघायला लागले.

"शुक्लाजी, कुंभकर्ण करतो काय? झोपतो आणि उठतो. त्यात पाय कुठे लागतात? झोपायला मला येतं. उठायचं मशीन मुळे साहेब करतील. आवाज तर तुम्हाला माहितीच आहे." आणि तिनं तिथल्या तिथं असं हसून दाखवलं की सगळी कबुतरं उडाली.

शुक्लाजी पडले कमिटीचे माणूस. आवाजावर खूश झाले. "हओ, चलेगा! पब्लिक हिल जाएगी!"

"पण एक आहे," कुंदा माझ्याकडे वळून म्हणाली. "बटण माझ्या हातात. मला सगळेच उचलतात, साहेब. झांकी बघायला दर वर्षी भाऊ गच्चीवर नेतो, गव्हाचं पोतं न्यावं तसं. त्या दिवशी मी उठेन तेव्हा मीच उठेन. नाहीतर मला नको."

मी हो म्हणालो. ती गेल्यावर शुक्लाजी माझ्या कानाशी आले. "मुळेजी, बटन-वटन आप ही रखना. पब्लिक में बच्ची घबरा गई तो?"

त्यालाही मी हो म्हणालो. माझा स्वभावच तसा, समोर जो असेल त्याला हो म्हणायचं. शिवाय मी इंजिनियर. सेफ्टी हा शब्द कोणी उच्चारला की मला आपण फार जबाबदार माणूस आहोत असं वाटायला लागतं. मी सियागंजमध्ये जाऊन बटणांची एक सुंदर डबी आणली. वर जायला हिरवं, खाली यायला लाल, दाबलं की टक असा आवाज. खोटी डबी करायची, तरी आयएसआय मार्क बघून घेतली. खरी बटणं खाली माझ्या पॅनेलवर.

सुरुवातीला सांगितली ती ही तालीम. दोन-तीनदा छान जमलं. टेपवर ढोल वाजायचे, शेवटी "उठो महाबली!" असा पुकारा व्हायचा, तो ऐकून ती दाबायची, तो ऐकून मीही दाबायचो. मग मी चहा प्यायला बाहेर आलो आणि पेला तोंडाला लावला तोच वरून आवाज आला.

"साहेब, आत्ता मी दाबलं."

मी पेल्यात बघत राहिलो.

"आत्ता लाल दाबलं. आत्ता परत हिरवं." टक. टक. पलंग ढिम्म. "लहान पोराला बंद पडलेला रेडिओ खेळायला देतात ना, तसं दिलंत मला."

मी काहीतरी सेफ्टीबद्दल बोललो. तिनं मिशा काढून पलंगावर ठेवल्या, बापाकडे कुबड्या मागितल्या, आणि गेली. शेडच्या त्या लांबच लांब, सावली नसलेल्या उजेडात कुबड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मिशा तिथंच पडून होत्या. त्याही माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परदेशीपुऱ्यात. जाधवांच्या घरी पोहे आले, शेव आली, पण कुंदा आतल्या खोलीतून येईना.

"जाधव, तिला म्हणावं, खरी वायर जोडतो."

"तुम्हीच सांगा साहेब. माझं ती कुठे ऐकते."

मी भिंतीला सांगितलं. "कुंदा, खरी वायर जोडतो."

आतून आवाज आला, कुंभकर्णाचाच. "मी बघत असताना जोडायची."

त्याप्रमाणे झालं. ती पलंगाशेजारी खुर्चीवर बसली आणि मी विद्यार्थ्यासारखा एकेक वायर दाखवत गेलो. पलंगाखाली एका जुन्या मशीनचा जाड आट्यांचा दांडा होता, मोठ्या स्क्रूसारखा. मोटर एका बाजूला फिरली की पलंगाची डोक्याकडची बाजू वर, उलट फिरली की खाली. बटण सोडलं की मोटर थांबते. दोन्ही टोकांना एक-एक लिमिट स्विच, म्हणजे पलंग टोकाला पोचला की करंट आपोआप तोडणारी कळ. माझ्या पॅनेलवरची बटणं मी तशीच ठेवली, पण फक्त इमर्जन्सीसाठी. हे तिला सांगितलं. "इमर्जन्सी म्हणजे काय, ते कोण ठरवणार?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "तू ओरडलीस तर." तिला ते पटलं.

मग ती सरावाला लागली. दिवसभर ती त्या पलंगावर झोपायची आणि उठायची. वरून सुटलेले कापसाचे तंतू तिच्या खोट्या पोटावर येऊन बसायचे. कधी कधी ती खरंच झोपून जायची. मग आम्ही पुतळ्यांचे ढोल बंद ठेवून काम करायचो.

आता मोटरीबद्दल थोडं. मोठी मोटर तीन तारांवर चालते, त्यांना फेज म्हणतात. समजा, बागेतला गोल झोपाळा तीन माणसं पाळीपाळीनं ढकलताहेत, पहिला, दुसरा, तिसरा. त्यांतल्या कोणत्याही दोघांनी जागा बदलल्या की झोपाळा उलटा फिरायला लागतो. मोटरीचंही तसंच. दोन तारा बदलल्या की उलटी. हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मिलची लाइन कापलेली होती, म्हणून आमची सगळी तालीम शेजारच्या आटा चक्कीच्या लाइनवर झाली. झांकीच्या दिवशी भाड्याचा जनरेटर आला. त्याच्या तारा चक्कीच्याच क्रमानं आहेत का, हे तपासायचं असतं. मी हत्तीच्या सोंडेतले दिवे तपासत होतो.

संध्याकाळी निघालो. पहिल्या चौकात दिवे लागले, पब्लिकनं "ओहो!" केलं. ढोलवाले पुतळे सुरू झाले. त्यांच्या मोटरी छोट्या, एका फेजवरच्या, त्यांना काही फरक पडत नव्हता. टेप ओरडला, "उठो महाबली!" कुंदानं हिरवं दाबलं.

कुंभकर्णाचं डोकं खाली गेलं.

मी ट्रॉलीखालच्या खणात पॅनेलपाशी होतो, पत्र्याच्या फटीतून वरचं आणि रस्त्यावरचं दिसायचं. मोटरीचा आवाज ऐकला आणि हात बटणाकडे गेला. पण क्षणभरच. मोटर थांबली, मग उलट फिरायला लागली, आणि कुंभकर्ण झोकात उठून बसला. जांभई दिली. टाळ्या. तिनं हिरवं सोडून लाल दाबलं होतं, बस. पुढच्या चौकातही तसंच, या वेळी थेट लाल. त्याच्या पुढच्याही.

इथं मी शहाण्यासारखा विचार केला. सगळी गडबड इथंच झाली. मोटर उलटी चालत असेल तर लिमिट स्विचही उलटे होतात. वर जाताना वरची कळ करंट तोडणार नाही. तिनं अंदाजानं बटण सोडलं नाही तर दांडा आट्यांतून निसटून पलंग उलटेल. तेव्हा दुरुस्त करणं भाग होतं. जेल रोडच्या अलीकडे पुढची झांकी अडकली, मिरवणूक थांबली. मी जनरेटर बंद करायला लावला, दोन तारा बदलल्या, परत सुरू. काम चोख. मग खाली उतरून कचोरी खाल्ली. शुक्लाजी म्हणाले, "सब ओके?" मी म्हणालो, "एकदम." वर चढून कुंदाला सांगायचं मात्र मनातही आलं नाही. आता सगळं बरोबर झालं होतं ना! बरोबर झालेली गोष्ट सांगायची कशाला?

ट्रॉली परीक्षकांच्या मंचासमोर उभी राहिली. आमच्या मिलचे लोक दोन्ही बाजूंनी चालत आले होते, शेकड्यांनी, धुतलेले शर्ट घालून. ढोल सुरू झाले. शंख झाले. "उठो महाबली!"

कुंदानं लाल दाबलं.

कुंभकर्ण आडवा होत गेला. डोकं खाली, पोट वर, आणि खालच्या लिमिट स्विचनं अगदी आज्ञाधारकपणे करंट तोडला. टेप संपला. पुतळे थांबले. माझं मोशन शांत.

मी ओरडलो, "कुंदा, हिरवं!" मागच्या झांकीचा बँड इतका जोरात होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. पॅनेलवरचं बटण समोर होतं. मी त्यावर बोट ठेवलं. दाबलं असतं तर ती तत्काळ उठली असती, आणि परीक्षकांना काही कळलंही नसतं. बोट ठेवून मी वाट बघत राहिलो. ती ओरडली नाही.

वरून आवाज आला तो घोरण्याचा.

मोठा, लांब, भरभक्कम. माइक नाही, काही नाही. समोरची बायकापोरं खिदळायला लागली. दुसरं घोरणं त्याहून मोठं, शेवटी शिट्टी. "अरे उठ जा भिया!" कोणीतरी ओरडलं. "ए कुंभकर्ण, चाय पिएगा?" "इसको सराफे की रबडी दिखाओ!" लोक हसत होते, हाका मारत होते, आणि ती घोरत होती. शुक्लाजी ट्रॉलीखाली वाकून किंचाळले, "मुळेजी, उठाओ उसको! नंबर जा रहा है!"

"उसके हाथ में है," मी म्हणालो. असं ठाम वाक्य त्या पूर्ण प्रकरणात माझ्या तोंडून हे एकच निघालं.

आणि मग आमच्या लोकांतून कोणीतरी हाताचा पेला करून तोंडाला लावला आणि भोंगा काढला. मिलचा भोंगा. पाळी सुरू व्हायच्या आधी वाजायचा तो, ज्यावर अर्धं शहर उठायचं. खालून सुरू होऊन वर चढत जाणारा. कुलूप लागल्यापासून तो कोणी ऐकला नव्हता. शेजारच्यानं सूर धरला. त्याच्या शेजारच्यानं. जाधव जॉबरही गळ्याच्या शिरा ताणून. बघता बघता रस्त्याच्या दोन्ही बाजू भोंगा झाल्या. हसणं थांबलं. दिव्यांच्या धुरकट उजेडात नुसता तो आवाज, वर वर चढणारा, आणि त्याखाली कुठेतरी आम्ही सगळे परत पाळीवर निघालोय, डबे घेऊन, असं मला स्पष्ट दिसलं. मी जागा होतो.

ती भोंगा संपेपर्यंत पडून राहिली. लोकांचा दम संपला, आवाज खाली आला, विझला.

टक.

मोटर सुरू झाली, सरळ. कुंभकर्ण अगदी सावकाश वर आला. एक हात ताणला, मग दुसरा. बसला. एक मिशी गालावर लोंबत होती. त्यानं दोन्ही बाजूंना पूर्ण नजर फिरवली आणि कबुतरं उडवणारं ते हसू हसला. त्यानंतर जो गलका झाला तो मी खाली बसून फक्त ट्रॉलीच्या पत्र्यातून ऐकला. पत्रा थरथरत होता.

नंबर मिळाला नाही. परीक्षकांचं म्हणणं, झांकी मंचासमोर ठरल्यापेक्षा फार वेळ थांबली आणि मागच्या सगळ्या खोळंबल्या. शुक्लाजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग लोकांनी रस्त्यात थांबवून कुंभकर्णाचं कौतुक करायला सुरुवात केल्यावर ते घोरण्याची आयडिया स्वतःची असल्याचं सांगू लागले.

मिरवणूक संपल्यावर भाऊ तिला उतरवायला वर चढत होता. ती म्हणाली, "थांब जरा." आणि मला, "साहेब, मध्येच वायरी बदलल्यात ना?"

"हो. उलट्या होत्या. धोका होता."

"बदलायलाच हव्या होत्या. मला सांगायला काय झालं होतं?"

कचोरी हे उत्तर होऊ शकत नाही.

पुढच्या गणपतीत ती कमिटीत आली. शेडच्या दाराला लाकडी उतरण बसवून घेतली, आणि कॉलनीच्या स्टेजलाही. कुंभकर्ण पुन्हा केला नाही, त्या वर्षी तिनं सगळ्या पुतळ्यांचे आवाज बसवले आणि मोशनवाल्यांना, म्हणजे मला, नियम घालून दिला: वर माणूस असेल तर त्याला सांगितल्याशिवाय खाली कशालाही हात लावायचा नाही.

मिल उघडली नाही. मी नंतर विजय नगरकडे उंच इमारती व्हायला लागल्यावर लिफ्टच्या कामाला लागलो. तिथंही तीन तारा असतात आणि आत माणसं असतात. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो: दोन तारा बदलायला वेळ लागतो, म्हणून ते काम आपण लक्षात ठेवून करतो. सांगायला वेळ लागत नाही. म्हणून ते राहून जातं.